सरकारी खात्याच्या नावानं फोन आला तर: आधी काय करायचं, मग काय

इंदूरच्या सुदामानगरात आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या फ्रिजवर ‘डिजिटल अरेस्ट असं काही नसतं’ असं कात्रण लावलेलं होतं. (डिजिटल अरेस्ट म्हणजे ठगानं पोलीस असल्याचं भासवून, ‘तुम्हाला अटक झाली आहे’ म्हणत माणसाला व्हिडिओ कॉलसमोर बसवून ठेवणं.) त्याच फ्रिजसमोर खुर्ची टाकून त्या दीड दिवस व्हिडिओ कॉलवर बसून राहिल्या आणि एक एफडी मोडून पैसे पाठवून मोकळ्या झाल्या. नंतर त्या मला म्हणाल्या, “अगं, ती डिजिटल अरेस्टची भानगड मला माहीत होती. पण हे तर खरोखरचे पोलीस होते ना!”

त्यांना माहिती कमी नव्हती. त्यांचा क्रम चुकला. आधी समोरचा खरा की खोटा हे ठरवू, मग फोन ठेवायचा की नाही ते बघू, असं त्यांनी केलं. फोन चालू असताना ते ठरवताच येत नाही, कारण त्या वेळी तुमच्यापुढे येणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे ओळखपत्र, नोटीस, शिक्का, मागे दिसणारं ठाणं, समोरचाच दाखवत असतो. म्हणून आधी फोन ठेवायचा आणि मग तपासायचं. पुढचा सगळा लेख या क्रमाचा आहे.

मी 31 वर्षं बँकेत काढली. मुदतीआधी एफडी मोडायला आलेली, घामेजलेली, कानाला फोन लावलेली माणसं काउंटरच्या आतून पाहिली आहेत. इंदूरमध्ये आपल्या बऱ्याच घरांत आता म्हातारी दोघंच असतात, मुलं पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात. हे मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी लिहिते आहे.

टप्पा 1: फोन येण्याआधीची तयारी

या टप्प्याला एक दुपार लागते. बहुतेक लोक तो गाळतात आणि घाबरलेल्या अवस्थेत नंबर शोधायला लागतात.

1. एक कागद घ्या. मोठ्या अक्षरात, हातानं, चार ओळी लिहा: 1930 (सायबर फसवणुकीची राष्ट्रीय मदतवाहिनी), 112 (पोलीस), तुमच्या बँकेचा नंबर, आणि एका माणसाचा नंबर. बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या मागून किंवा पासबुकावरून उतरवा. गूगलवर शोधून लिहू नका, तिथे ठगांनी पेरलेले ‘कस्टमर केअर’ नंबर असतात. चौथ्या ओळीतला माणूस शक्यतो इंदुरातलाच असावा, दहा मिनिटांत दाराशी येऊ शकेल असा. अमेरिकेतला मुलगा रात्री झोपलेला असतो.

हा कागद फोनमध्ये ठेवू नका, भिंतीवर लावा. संकटाच्या वेळी फोन ठगाच्या ताब्यात असतो.

2. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर किंवा ॲपवर जाऊन तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते पाहा. जो नंबर तुमचा नाही, त्यापुढे तसं नोंदवा. हे आजच करण्याचं कारण सांगते. ठगाचं सगळ्यात लाडकं वाक्य असतं, “आपके आधार पर मुंबई में एक और सिम निकला है।” तुम्ही यादी आधीच पाहिलेली असेल, तर या वाक्यानं पोटात गोळा येत नाही.

3. आधारचं बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळ्यांची खूण) लॉक करून ठेवा. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ती सोय आहे, आणि आधार कुठे कुठे वापरलं गेलं त्याची नोंदही तिथेच दिसते. नातवंडांकडून करून घेतलंत तरी चालेल, पण तुम्ही शेजारी बसा.

4. बँकेत जाऊन नेट बँकिंगची रोजची मर्यादा तुमच्या खऱ्या गरजेइतकी खाली आणा. महिन्याला वीस हजारांच्या वर कधी पाठवत नसाल, तर पाच-दहा लाखांची मर्यादा कशासाठी ठेवायची? ऑनलाइन एफडी मोडण्याची सोय बंद करता येते का तेही विचारा. आरटीजीएस आणि एनईएफटी या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायच्या सोयी. आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालतं, एनईएफटी त्याच्याही आधीपासून. म्हणजे रात्री दोन वाजताही तुमची आयुष्यभराची शिल्लक बाहेर जाऊ शकते आणि अडवायला त्या वेळी कोणी काउंटरवर नसतं.

5. घरात एक नियम ठरवा: ठरावीक रकमेच्या वर, समजा 50 हजार, कोणालाही पाठवायचे तर आधी त्या चौथ्या ओळीतल्या माणसाला सांगायचं. कारण काहीही असो, अपवाद नाही. नवरा-बायको दोघांनीही हा नियम पाळायचा. “यांना कळतं सगळं” म्हणून एकाला सूट दिली की फोन नेमका त्यालाच येतो.

*तपासा:* भिंतीवर कागद आहे का? त्यावरचा बँकेचा नंबर एकदा लावून पाहिलात का?

टप्पा 2: फोन ओळखणं

वेश अनेक असतात, पण मागचा सांगाडा एकच.

दूरसंचार खात्याचा किंवा ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) वेश: रेकॉर्ड केलेला आवाज सांगतो की तुमचा नंबर दोन तासांत बंद होईल, अधिक माहितीसाठी 9 दाबा. ट्राय कोणाचाही नंबर बंद करायला फोन करत नाही.

कस्टमचा वेश: तुमच्या नावानं परदेशी जाणाऱ्या पार्सलमध्ये पासपोर्ट आणि अमली पदार्थ सापडलेत.

सीबीआय, ईडी किंवा मुंबई पोलिसांचा वेश: तुमच्या खात्यातून काळा पैसा फिरलाय. इथे इंदूरच्या मराठी माणसाची एक खास चूक होते. अंधेरी किंवा कुलाबा ठाण्याचं नाव ऐकल्यावर आपण मराठीत बोलून परीक्षा घेतो. समोरून अस्सल मराठीत उत्तर आलं की वाटतं, हा नक्की मुंबईचाच पोलीस. अहो, ठगांच्या टोळ्यांत सगळ्या भाषा बोलणारी माणसं असतात. भाषेवरून काहीही सिद्ध होत नाही.

पेन्शनचा वेश: नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या दिवसांत हा जोरात असतो. तुमचं नाव, निवृत्तीची तारीख, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर सगळं बरोबर सांगतात आणि शेवटी ओटीपी मागतात. पेन्शन खातं फोनवरून हयातीचा दाखला भरून देत नाही.

विजेचा वेश: “आज रात साढ़े नौ बजे आपकी बिजली कट जाएगी।” आपल्याकडे वीज कंपनीचा नंबर 1912 आहे. शंका आली तर फोन ठेवून तुम्ही स्वतः तो लावा.

वाहन चलानाचा वेश: व्हॉट्सॲपवर ‘चालान’ नावाची फाइल येते. ती एपीके, म्हणजे ॲप असते. उघडून परवानगी दिली की तुमचे एसएमएस ठगाकडे जाऊ लागतात. खरं चलान परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहता येतं. त्यासाठी कोणतंही ॲप व्हॉट्सॲपवरून घ्यावं लागत नाही.

आता सांगाडा. यातल्या कुठल्याही दोन गोष्टी एकाच फोनमध्ये आल्या की पुढचं ऐकायची गरज नाही:

घाई: दोन तास, आज रात्री, आत्ताच.

गुप्तता: घरच्यांना सांगू नका, राष्ट्रीय सुरक्षेचा विषय आहे.

जागा बदलणं: साध्या फोनवरून व्हॉट्सॲपसारख्या व्हिडिओ कॉलवर या.

फोन पुढे देणं: ट्रायवाला पोलिसांकडे ‘जोडून’ देतो, पोलीस सीबीआयच्या ‘साहेबां’कडे.

आणि पैसे: ‘पडताळणीसाठी’ खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाची खाती ठेवत नाही, आणि तपासासाठी तुमचे पैसे आपल्याकडे ठेवणारं ‘सुरक्षित सरकारी खातं’ कुठेही नाही.

यांत गुप्ततेला मी सगळ्यात वर ठेवते. अटक केली तर नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं कायद्यानं पोलिसांवरच बंधनकारक आहे. “किसी को बताना मत” म्हणणारा माणूस पोलीस असूच शकत नाही.

*इशारा:* समोरच्याला तुमचं पूर्ण नाव, पत्ता, आधारचे शेवटचे आकडे माहीत आहेत, यावरून तो सरकारी ठरत नाही. ही माहिती बाजारात विकत मिळते. फोनवर दिसणारा नंबर आणि डीपीवरचं अशोकचिन्हही बनावट असू शकतं.

टप्पा 3: फोन ठेवणं

हा टप्पा एका सेकंदाचा आहे आणि सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. अडकतात ती भित्री म्हणून अडकत नाहीत. ती सभ्य असतात. आपल्या पिढीला समोरचा बोलत असताना फोन आपटणं असभ्य वाटतं, आणि त्यात तो ‘साहेब’ असला तर फारच. या बाबतीत एकदा स्वतःला मोकळीक द्या. काहीही न बोलता फोन ठेवायला तुम्ही मोकळे आहात. खरा अधिकारी असेल तर फोन ठेवला म्हणून कोणताही गुन्हा होत नाही, त्याच्याकडे तुम्हाला गाठायचे कायदेशीर मार्ग असतात.

1. लाल बटण दाबा. निरोप घेऊ नका, कारण सांगू नका.

2. नंबर ब्लॉक करण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा.

3. पुढचा अर्धा तास अनोळखी नंबर उचलू नका. दुसऱ्या, तिसऱ्या नंबरावरून फोन येतील, धमकीचे मेसेज येतील, नोटिशीचा फोटो येईल. फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवलात तर उत्तम.

4. घरात किंवा शेजारी जो कोणी असेल त्याला मोठ्यानं सांगा: “मला असा असा फोन आला होता.” हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं की निम्मी भीती उतरते. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

इथल्या नेहमीच्या चुका: ओळखपत्र मागणं (ते तयारच असतं, लगेच येतं). वाद घालणं. “मी असं काही केलेलंच नाही” म्हणून खुलासा देत बसणं. खुलासा करताना आपण नकळत कोणत्या बँकेत किती आहे ते सांगून टाकतो. मजा बघायला म्हणून बोलत राहणं ही तरुणांची चूक, तीही महागात पडते.

असा फोन पोलीस अधिकाऱ्यांनाही येतो. नोव्हेंबर 2024 मध्ये इंदूरच्या क्राइम ब्रांचच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यालाच असा फोन आला, अंधेरी ठाण्यात तक्रार असल्याचं सांगणारा. व्हिडिओवर समोर वर्दी दिसल्यावर ठगानंच फोन तोडला. आपल्या अंगावर वर्दी नसते, त्यामुळे तोडायचं काम आपल्यालाच करायचं आहे. आणि वर्दीही दर वेळी वाचवत नाही. ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या एका निरीक्षकाला महिनाभर असंच अडकवून लाखो रुपये काढले गेले. ग्वाल्हेरातच 2025 मध्ये एका आश्रमाचे सचिव 26 दिवस अडकले आणि अडीच कोटींच्या वर रक्कम गेली. पहिल्या मिनिटाला फोन ठेवणं सोपं असतं, सव्विसाव्या दिवशी ते किती अवघड होत असेल याचा विचार करा.

आधीच तासन् तास कॉलवर असाल तर

कदाचित कोणी हा लेख त्याच अवस्थेत वाचत असेल. फोन समोर उभा करून ठेवलाय, बाथरूमला जायलाही परवानगी मागावी लागतेय. फोन बंद करा. पूर्ण स्विच ऑफ. दाराशी कोणीही येणार नाही. घराबाहेर पडा, शेजारचं दार वाजवा, त्यांच्या फोनवरून 1930 लावा. तुम्ही काहीही कबूल केलं असलं, कशावरही सही केली असली, तरी त्यानं काही बिघडत नाही.

खरी अटक कशी होते ते इथे सांगते, म्हणजे मन घट्ट होईल. 1 जुलै 2024 पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात व्हिडिओवर अटक नावाची गोष्टच नाही. पोलीस प्रत्यक्ष येऊन ताब्यात घेतात, अटकेचं कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. चौकशीला हजर राहण्याच्या नोटिशीचं कलम 35 आहे, आणि अशी नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं. कलम 179 नुसार साक्षीदार म्हणून चौकशी करायची असेल तर कोणत्याही वयाच्या स्त्रीला आणि 60 वर्षांवरच्या पुरुषाला राहत्या जागेखेरीज दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही. साठीच्या पुढच्या माणसाला “मुंबईला या, नाहीतर कॅमेऱ्यासमोर बसा” म्हणणारा कायद्यातलं काही बोलत नसतो.

*तपासा:* फोन बंद आहे का? घरातल्या किंवा शेजारच्या एका तरी माणसाला सांगून झालं का? दोन्ही ‘हो’ असेल तरच पुढे.

टप्पा 4: आता खरं-खोटं तपासणं

तपासताना एकच पथ्य: फोन करणाऱ्यानं दिलेला नंबर, लिंक किंवा क्यूआर कोड वापरायचा नाही. रस्ता आपला आपण शोधायचा.

पोलिसांचं नाव सांगितलं असेल तर स्वतःच्या भागातल्या ठाण्यात जा. अन्नपूर्णा असेल, छत्रीपुरा असेल, तुकोगंज असेल, जे जवळ असेल ते. मुंबईच्या ठाण्याला खरंच तुमच्याशी काम असेल तर ते इथल्या पोलिसांमार्फतही तुमच्यापर्यंत येऊ शकतात. एकटे जाऊ नका, कोणाला तरी बरोबर घ्या, आणि मोबाइलमध्ये आलेली ‘नोटीस’ दाखवा.

आयकराची नोटीस असेल तर तिच्यावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. 1 ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर तो लागतो. आयकराच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर, लॉगिन न करताही, हा क्रमांक खरा आहे का ते पाहता येतं. खरी नोटीस तुमच्या ई-फायलिंग खात्यातही दिसते. तुमच्या सीएला दाखवलंत तर पाच मिनिटांचं काम आहे.

न्यायालयाचा कागद असेल तर वकिलाला दाखवा. केवळ शिक्का आणि सही पाहून काही ठरत नाही. 2024 मध्ये लुधियानाच्या एका मोठ्या उद्योजकाला सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणीच दाखवली गेली आणि 7 कोटी रुपये काढले गेले. ज्या टोळ्या न्यायालय उभं करतात त्यांना लेटरहेड छापणं अवघड नाही.

संकेतस्थळ पाहताना पत्त्याचा शेवट पाहा. सरकारी पत्ता ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ने संपतो. ‘गव्ह’ हे अक्षर मध्येच कुठेतरी असून शेवट वेगळा असेल तर ते बनावट समजा.

पैसे गेले नसले तरी संचार साथीवरच्या ‘चक्षु’ सुविधेत त्या फोनची तक्रार नोंदवा. तुमची दहा मिनिटं जातील, पण तो नंबर पुढच्या घरी वाजायचा थांबू शकतो.

टप्पा 5: पैसे गेले असतील तर

इथे क्रमाला सगळ्यात जास्त किंमत आहे. ठगाच्या पहिल्या खात्यात आलेले पैसे थोड्याच वेळात दहा-वीस खात्यांत वाटले जातात, आणि तिथून एटीएममधून किंवा क्रिप्टोत बदलून बाहेर पडतात. जिथवर ते बँकेच्या यंत्रणेत आहेत तिथवरच अडवता येतात. लोक मात्र आधी मुलाला फोन करतात, मग रडतात, मग दुसऱ्या दिवशी बँक उघडल्यावर शाखेत जातात. तोवर रात्र गेलेली असते.

1. ज्या फोनवर फसवणूक झाली तो विमान मोडवर टाका. त्यात स्क्रीन शेअर करणारं किंवा कोणी सांगितलेलं एखादं ॲप असेल तर हे फारच गरजेचं आहे. पुढची सगळी कामं दुसऱ्या फोनवरून करा.

2. 1930 लावा. बाकी सगळ्या फोनांच्या आधी. हा नंबर गृह मंत्रालयाच्या यंत्रणेचा आहे, आणि तक्रार नोंदताच ती संबंधित बँकांकडे रक्कम रोखण्यासाठी जाते. ते विचारतील: तुमची बँक आणि खाते क्रमांक, किती रक्कम, कधी, आणि व्यवहाराचा क्रमांक. हा क्रमांक बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा पासबुकात मिळतो. यूपीआयचा 12 आकडी असतो, एनईएफटीचा 16 अक्षर-आकड्यांचा, आरटीजीएसचा 22. सहा व्यवहार झाले असतील तर सहाही क्रमांक द्या. गोष्ट सांगत बसू नका, आधी आकडे द्या.

3. लाइन लागत नसेल तर थांबून राहू नका. एकानं 1930 लावत राहायचं, दुसऱ्यानं सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर आर्थिक फसवणुकीची तक्रार भरायला घ्यायची.

4. लगेच बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरवर फोन: नेट बँकिंग, यूपीआय, कार्ड बंद करा म्हणून सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. हा शिक्का का महत्त्वाचा? रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या नियमांनुसार ग्राहकाच्या चुकीमुळे अनधिकृत व्यवहार झाला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. मात्र जे पैसे तुम्ही स्वतः पाठवले ते बँक आपोआप भरून देईल अशी आशा धरू नका. म्हणूनच 1930 आधी.

5. पुरावे जपा. चॅट, नंबर, नोटिशीचे फोटो, कॉलची वेळ. शरमेपोटी बरेच जण सगळं पुसून टाकतात. पुसू नका.

6. मग ठाण्यात किंवा क्राइम ब्रांचच्या सायबर सेलमध्ये जाऊन लेखी तक्रार आणि एफआयआर. 1930 ची पावती, खात्याचं स्टेटमेंट, ओळखपत्राची प्रत बरोबर न्या. तपास पुढे सरकत नसेल तर मंगळवारच्या जनसुनवाईत (अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तिथे) कागद घेऊन उभं राहता येतं.

गोठवलेली रक्कम परत मिळायला सहसा न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागते, त्यासाठीचा अर्ज तपास अधिकाऱ्याला किंवा वकिलाला विचारून करा. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2025 मध्ये या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात डिजिटल अरेस्टचा तपास सीबीआयकडे सोपवला. त्यामुळे “आता तक्रार करून काय उपयोग” म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

*इशारा:* काही दिवसांनी एक नवा फोन येईल: “सायबर सेल से बोल रहे हैं, आपका पैसा मिल गया है, बस प्रोसेसिंग फीस भरिए।” ही तीच टोळी असते किंवा तिच्याकडून तुमचा नंबर घेतलेली दुसरी. पैसे परत मिळवायला सरकार तुमच्याकडून फी मागत नाही. खचलेला माणूस या दुसऱ्या जाळ्यात पहिल्यापेक्षा लवकर सापडतो.

टप्पा 6: घरातलं दुसरं कोणी अडकलेलं दिसलं तर

खुणा अशा: खोलीचं दार दिवसाढवळ्या आतून बंद. फोन सतत चार्जिंगला. जेवायला बोलावलं तर “तुम्ही घ्या, मी नंतर येतो.” नेहमी मोठ्यानं बोलणारी आई फोनवर पुटपुटते. एफडीच्या पावत्या, चेकबुक, आधार टेबलावर काढलेलं. विचारलं तर चिडचिड, किंवा “बँकेचं थोडं काम आहे” एवढंच.

आत जा. ओरडू नका, कारण त्या क्षणी ते तुमच्यापेक्षा ‘साहेबां’चं जास्त ऐकत असतात. मारामारी केलीत तर ते दार आणखी घट्ट लावतील. शांतपणे जवळ बसा, फोन हातात घ्या, बंद करा. म्हणा, “बाबा, तुम्हाला कोणी काही करणार नाही. मी इथे आहे. आपण दोघं ठाण्यात जाऊन विचारू.” ठाण्यात जाऊन विचारू, हे वाक्य फार उपयोगी पडतं. त्यामुळे आपण पोलिसांना टाळत नाही अशी त्यांच्या मनाची समजूत पटते.

ऐकत नसतील तर 112 लावून खरे पोलीस घरी बोलवा. खरी वर्दी दारात उभी राहिली की खोटीचा प्रभाव उतरतो.

बँकेत काम करणाऱ्यांनाही एक विनंती. वयस्कर माणूस एकटा येऊन मोठी एफडी मोडतोय, अनोळखी खात्यात आरटीजीएस करतोय, कानाला फोन आहे, आणि कारण विचारल्यावर पाठ केल्यासारखं “प्रॉपर्टी के लिए” म्हणतोय. ते उत्तर त्याला शिकवलेलं असतं. त्याला केबिनमध्ये न्या, पाणी द्या, फोन बाहेर ठेवायला सांगा, आणि “घरी कोणाशी बोलू का?” एवढंच विचारा. माझ्या समोर एक आजोबा या प्रश्नावर ढसाढसा रडले आणि फॉर्म तिथेच फाडला. अशी दहा मिनिटं देणं नियमात कुठेही चुकीचं नाही.

आणि सगळं झाल्यावर, पैसे गेले असोत किंवा वाचलेले असोत, “एवढं शिकलेले तुम्ही, कसं कळलं नाही?” हा प्रश्न विचारू नका. त्यांनी तो स्वतःला हजार वेळा विचारलेला असतो. पहिले दोन-तीन दिवस त्यांचा फोन तुमच्याजवळ ठेवा, कारण टोळी परत प्रयत्न करते. रात्री त्यांच्या खोलीत कोणीतरी झोपा. जेवण कमी झालं, झोप उडाली, “आता जगून काय करू” अशी भाषा आली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो, तो लावा. भिंतीवरच्या कागदावर चार ओळी होत्या, ही पाचवी लिहून ठेवा.